चोवीस बोरचं पितळ

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर फोन नकोत. या लेखात जुन्या रायफलीची काडतुसं करण्याचं जे काही आहे ते न्यूझीलंडमध्ये, माझ्या भाच्याच्या शेडमध्ये, त्याच्या परवान्यावर झालं. तिथं परवाना असलेल्या माणसाला स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरता येतात. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो, घरात परवान्याची बंदूक असणं पुरत नाही. तेव्हा देवगड तालुक्यात बसून कुणी हे करून बघू नये. मीही इथं काही करत नाही, नुसतं लिहितोय.

मी बंदूकवाला नाहीच. माझं आयुष्य गेलं ते पिंपरीतल्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ओढण्यात. सपाट चकतीची वाटी, वाटीची खोल वाटी, त्याची नळी, असं टप्प्याटप्प्यानं. डीप ड्रॉ म्हणतात त्याला. निवृत्त झाल्यावर गावी आलो, चार कलमं आहेत त्यांच्याकडे बघतो. बंदुकीशी आमचा संबंध म्हणजे शेतीसंरक्षणाचा. केलडी, म्हणजे माकडं, नि डुकरं यांच्यापायी आमच्या भागात अजून ठासणीच्या बंदुकांचे परवाने आहेत. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की आणायची. एवढंच.

भाचा क्राइस्टचर्चपासून तासाभरावर राहतो. एक दिवस व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मामा, पितळेच्या नळीला मान करायला गेलो की सुरकुत्या का पडतात रे?" पाठोपाठ त्यानं कॅमेरा एका बादलीवर धरला. बादलीभर पितळी नळ्या, सगळ्यांच्या तोंडाशी निऱ्या घातल्यासारख्या. कसल्या आहेत हे न विचारताच मी म्हटलं, एका दमात दाबतोयस, आणि पितळ कडक आहे. मग त्यानं रायफल दाखवली. पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात, मी तिकडेच होतो.

रायफल मार्टिनी-हेन्री. १८७१ साली ब्रिटिश फौजेत आली. घोड्यामागची लिव्हर खाली ओढली की आतला ठोकळा झुकतो, मागून एक काडतूस सरकवायचं, लिव्हर वर. एका वेळी एकच बार. ठोकळ्याची रचना फ्रीड्रिख फॉन मार्टिनीची, नळीच्या आतले पीळ एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीचे, म्हणून जोडनाव. या रायफली जगभर पसरण्याचं एक कारण आपल्या शेजारी आहे. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यात शंभर-सव्वाशे वर्षं पडून असलेला साठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, त्यात या जातीच्या हजारो होत्या. भाच्याची मात्र तिथल्याच एका शेतकऱ्याच्या घरातून लिलावात आलेली. घेतल्या घेतल्या त्यानं ती बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घेतली, हे त्यानं शहाणपणाचं केलं.

काडतुसाचं नाव .५७७/४५०. नावातच सगळी कुंडली आहे. स्नायडर नावाच्या आधीच्या रायफलीचं .५७७ इंची काडतूस घेतलं, त्याला मान करून तोंड .४५० वर आणलं. बाटलीचा आकार झाला. दारू जास्त मावते, गोळी लहान आणि लांब.

मूळचं काडतूस हल्लीसारखं एकसंध नळीचं नव्हतंच. वूलिचच्या कर्नल बॉक्सरनं पितळेचा पातळ वर्ख गुंडाळून नळी केली होती, बुडाला लोखंडी चकती. स्वस्त पडायचं, पण दगदग झाली की चेपायचं. १८८५ च्या जानेवारीत सुदानमध्ये अबू क्लीआच्या लढाईत वाळू आणि उष्णतेपायी झाडलेली काडतुसं नळीत अडकून बसली, बाहेर येईनात. पुढे ओढीव पितळेची, एकसंध नळीची काडतुसं आली. प्रेस शॉपवाल्याला हे वाचून बरं वाटतं. शेवटी काम आलं ते डीप ड्रॉचंच!

आता हे काडतूस दुकानात मागून सहज मिळत नाही. पण त्याच जाडीचं बूड असलेली एक वस्तू मिळते: चोवीस बोरच्या छऱ्याच्या बंदुकीची पितळी नळी. बोर म्हणजे काय हे आमच्याकडे बारा बोर, बारा बोर म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे जितके गोळे होतील, त्यातला एक गोळा ज्या नळीत बसेल ती तितक्या बोरची. चोवीस गोळे केले की एकेकाचा व्यास .५७९ इंच. म्हणजे स्नायडरचीच नळी जवळजवळ. ब्राझीलमध्ये मॅगटेक नावानं ही पितळी नळी अजून बनते. मार्टिनीवाली मंडळी तीच घेतात, मान करतात, लांबी कापतात.

भाच्याकडे विकतचा डाय सेट होता. डाय म्हणजे नळी आत दाबून तिला आकार देणारा साचा. त्यात चूक काही नव्हती, पण शेवटचं माप होतं, मधले टप्पे नव्हते. पंधरा मिलिमीटरच्या आसपासचं तोंड साडेबारावर आणायचं म्हणजे सहावा हिस्सा परीघ कमी करायचा. ते पितळ जाणार कुठे? जाड भिंत असेल तर मुकाट आत जातं आणि आणखी जाड होतं. या नळीची भिंत पातळ. तिला जाड होण्यापेक्षा दुमडणं सोपं. म्हणून निऱ्या.

त्याच्या शेडमध्ये जुनं पण खरं लेथ होतं. पहिले दोन दिवस मी कुठल्याच नळीला हात लावला नाही. आधी रायफलीच्या मागच्या कोठीत, म्हणजे काडतूस बसतं तिथं, गंधक वितळवून ओतलं, थंड झाल्यावर ठोकून काढलं, मापं घेतली. पुस्तकातलं माप हे नवीन कोठीचं माप, दीडशे वर्षांच्या कोठीचं ते असेलच असं नाही. ठसा हातात आला की वाद संपतो. मग मधले तीन डाय कातले, प्रत्येकाचा उतार लांबट. उतार जितका सौम्य तितकं पितळ कमी घाबरतं, असं आमचे फोरमन म्हणायचे.

डायच्या आतल्या घोटाईबद्दल दोन शब्द, कारण हे कुणी लिहीत नाही. लेथवर फिरवत फिरवत पॉलिश पेपर लावला की आरशासारखं चमकतं आणि आपण खूश होतो. पण त्या चमकेत गोल गोल बारीक कडा राहतात, आणि नळी जाते लांबीच्या दिशेनं. प्रत्येक कड तिला अडवते. शेवटचा हात काठीला पेपर गुंडाळून लांबीच्या दिशेनंच मारायचा. चमक कमी दिसते, काम जास्त होतं. भाच्याला हे पटायला वेळ लागला, पण नखानं दोन्ही डाय चाचपल्यावर पटलं.

पुढचं काम तापवायचं. पितळ म्हणजे साधारण सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. थंड असताना दाबलं, वाकवलं, ओढलं की ते कडक होत जातं आणि शेवटी चिरतं. पुन्हा मऊ करायला तापवावं लागतं, त्याला अनीलिंग म्हणा. पोलाद लाल करून पाण्यात घातलं की कडक होतं, पितळ होत नाही. ते पाण्यात विझवलं काय आणि हवेत ठेवलं काय, मऊच राहतं. लोहारकाम पाहिलेल्या माणसाचा इथं हमखास गोंधळ होतो.

मऊ करायची ती फक्त मान. बूड कडकच राहायला हवं, कारण बार उडतो तेव्हा सगळा दाब बुडाशी येतो आणि तिथं मऊ पितळ म्हणजे रायफलीच्या मागे उभ्या माणसाच्या डोळ्यांशी खेळ. म्हणून ताटलीत पाणी घालून नळ्या त्यात उभ्या करायच्या, अर्धी नळी पाण्याबाहेर. शेडचा दिवा घालवायचा. गॅसची ज्योत मानेवर फिरवत ठेवायची. आधी पिवळ्याचं तपकिरी होतं, मग निळसर झाक वर चढते, आणि काळोखात जेमतेम तांबूस भास झाला की ज्योत बाजूला. दिव्याच्या उजेडात हा भास दिसत नाही, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. फार तापलं तर जस्त पांढऱ्या धुरासारखं उडून जातं, वर गुलाबीसर तांबं दिसायला लागतं. ती नळी फेकायची.

नीट झालं की नाही हे कानाला कळतं. कोरी नळी लाकडी बाकावर टाकली तर टणटणते. मऊ झालेली तोंडाच्या बाजूनं आपटली की बद्द वाजते. भाचा प्रत्येक नळी वाजवून ओळीत लावायचा, आणि त्याची बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "मामा, आता सत्यनारायणाची घंटा पुरे करा."

मग दाबायचं. वंगण लॅनोलिनचं, म्हणजे लोकरीची चरबी. मेंढ्यांच्या देशात त्याला काय तोटा. पण ते बोटानं पुसून जेमतेम उरेल एवढंच लावायचं, आणि खांद्यावर, म्हणजे जिथून मान सुरू होते तिथं, जवळजवळ नाहीच. वंगण डायच्या कोपऱ्यात साठलं की त्याला जायला जागा नसते, द्रव दाबला जात नाही, मग पितळच आत जातं आणि खांद्याला खड्डा पडतो. पहिला डाय, तापवणं, दुसरा डाय, तापवणं, तिसरा, पुन्हा तापवणं, आणि मग विकतचा शेवटचा. प्रेसचा दांडा ओढताना हाताला एकसारखा जोर लागत असेल तर ठीक. मध्येच हात हलका पडला तर समजावं, आत कुठेतरी निरी पडली. थांबायचं, नळी काढून बघायची. मान झाल्यावर नळी थोडी लांबलेली असते, ती साठ मिलिमीटरच्या किंचित आत कापायची, आतली-बाहेरची धार मोडायची.

आता इथं मला जे सांगायचंय ते येतं. भाच्याच्या मते मान झाली की काम झालं. मी म्हटलं, नाही, शेवटच्या डायनंतर मान आणखी एकदा तापवायची. "का? आता तर दाबायची नाही." कारण दाबलेल्या पितळेत ताण अडकून बसतो. बाहेरून नळी गुळगुळीत, मापात, सुरेख. आत मात्र प्रत्येक कण जुन्या जागी परत जाऊ बघतोय.

याचा धडा हिंदुस्थानातल्या पावसाळ्यानं दिला आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली जायची. पाऊस संपेस्तोवर मानेपासून खाली सरळ चिरा गेलेल्या. न झाडता, न आपटता. सीझन क्रॅकिंग हे नाव तेव्हापासूनचं. कारण उलगडायला १९२१ उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पितळेत अडकलेला ताण, दमट हवा आणि अमोनिया. अमोनिया कुठला, तर घोड्यांच्या मुताचा. तिन्हींतली एक काढली की चीर पडत नाही. हवामान फौजेच्या हातात नव्हतं, तबेले होतेच, म्हणून ताण काढणं हाच उपाय. म्हणूनच फौजी काडतुसाच्या मानेवर आजही एक निळसर-तपकिरी पट्टा दिसतो. तो शेवटच्या तापवण्याचा डाग.

आम्ही पिंपरीत पंपांचे पितळी भाग करायचो, तेव्हा त्यातला ताण तपासायला पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात नमुना बुडवायचो. ताण असेल तर बघता बघता चिरायचा. काम सुरू असताना मी त्या परीक्षेला फक्त गिऱ्हाइकाची कटकट समजायचो.

परत आल्यावर गोठ्यात गेलो. आमच्या आजोबांची बारा बोरची बंदूक होती, परवान्याची. ते गेल्यावर ती ठाण्यात जमा झाली. पण त्यांच्या रिकाम्या पितळी नळ्या, बुडाला भोक पाडून तारेत ओवलेल्या, गोठ्याच्या वाशाला खिळ्यावर टांगलेल्या होत्या. त्यांचं गुरांना घालायचं काहीतरी करणार होते म्हणे, राहून गेलं. तार काढली, पडवीत आणून एकेक पुसली. वर हिरवा राप, तो चिंचेनं निघाला. खाली पितळ अजून चांगलं जाड. आणि तोंडाकडून खाली, केसाएवढी, सरळ, काही ठिकाणी दोन दोन समांतर चिरा. भिंग लावल्यावर दिसलं की चिरेच्या कडा कुठेही वाकलेल्या नाहीत, ओरखडा नाही, कशानं मार लागल्याची खूण नाही. नखानं चीर जाणवते. माझ्या आयुष्यातले किती पावसाळे ती नळी त्या गुरांच्या वर टांगलेली होती आणि किती वेळा मी तिच्याखालून वाकून गेलो असेन!

शेजारचे तात्या येऊन बसले. म्हणाले, "ह्या फुटक्या पितळ कित्याक पुसत बसलंस? भंगारात घाल, चार पैशे गावतले." मी त्यांना घोड्याच्या मुताची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "मग आमच्या समईक काय होवचा नाय मां?" प्रश्न योग्य होता. समई ओतीव असते, तिच्यात दाबलेला ताण फारसा नसतो, आणि ती देवघरात असते, गोठ्यात नाही. पण काच पुसायच्या किंवा पितळ चमकवायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. काडतुसाच्या नळ्या त्यानं कधीही पुसू नयेत, हे मी भाच्याला त्याच रात्री कळवलं. त्याच्या शेडमध्ये तसली एक बाटली मी पाहिली होती.

बाकीचं थोडक्यात. गोळी शुद्ध शिशाची नाही, बारा भाग शिसं, एक भाग कथील. वजन ४८० ग्रेन, म्हणजे एकतीस ग्रॅम, हातात घेतल्यावर हे कोणाला मारायला होतं हा विचार येतोच. शिसं रायफलीच्या नळीला लागू नये म्हणून भोवती पातळ कागदाचे दोन वेढे. कागद ओला करून गुंडाळायचा, सुकताना तो आवळतो. आम्हां दोघांचे कागद सैल पडायचे, सूनबाईचे नाही. मागे मेणाची चकती. दारू काळीच, मूळ मापानं ८५ ग्रेन, साडेपाच ग्रॅम. आत मोकळी जागा राहू द्यायची नाही. हल्लीची धूर न करणारी दारू या रायफलीला कधीच नाही, तिचा दाब वेगळाच आणि हे पोलाद तिच्यासाठी केलेलं नाही. भरण्याचं सगळं काम भाच्यानं केलं. परवाना त्याचा, हिशेब त्याचा.

रेंजवर त्यानं पहिला बार काढला तेव्हा धुरामुळे निशाण दिसेना. वारा नव्हता. धूर जाईपर्यंत सगळे उभे. माझं लक्ष निशाणाकडे नव्हतंच, लिव्हर खाली झाली आणि नळी बाहेर पडली ती मी हातमोज्यात झेलली. डायनं खांदा गोलसर सोडला होता, दाबानं तो कोठीच्या मापात कोरल्यासारखा बसला होता. चीर नाही. तिथंच गरम पाण्याच्या डब्यात टाकली, कारण काळ्या दारूची राख ओल धरते आणि पितळ खाते.

ही काडतुसं कालबाह्य झाली ती नुसती नव्या रायफलींमुळे नाही, कधीकधी कागदामुळेही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारनं हिंदुस्थानात .४५० ची काडतुसं आणायला बंदी घातली. सरहद्दीवर मार्टिनी पुष्कळ होत्या, त्यांना गोळ्या मिळू नयेत हा हेतू. त्यापायी वाघ-हत्तीच्या शिकारीसाठी .४५० च्या महागड्या दुनळी करणाऱ्या इंग्लिश कारखान्यांची पंचाईत झाली. मग हॉलंड अँड हॉलंडनं १९०७ मध्ये .५००/४६५ काढलं, कुणी .४७० काढलं, कुणी .४७५. कायद्याच्या आकड्यातून निसटण्यापुरती जाडी बदलली. आपल्याकडे नंतर .३०३ नागरिकांना बंद राहिली, म्हणून .३१५ रुजली. ती म्हणजे ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर काडतुसाचंच रूप. तिकडे ते काडतूस इतिहासजमा, इकडे बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्याच्या रायफलींसाठी अजून चालू.

परवा भाच्याचा फोन आला. नळ्या तीनदा झाडून झाल्या, मान शाबूत. आता त्याला स्नायडर मिळतेय, .५७७ ची, मार्टिनीच्याही आधीची. म्हणाला, "मामा, तिलाही चोवीस बोरचंच पितळ. मान करायचीच नाही, नुसतं कापायचं. येतोस?"

मी म्हटलं, नुसतं कापायला मला कशाला बोलावतोस, करवत आहे ना तुझ्याकडे.